पाचातल्या तीन कसोटी : 'वर्कलोड' शब्दामागची पार्श्वभूमी

२०२५च्या जूनमध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा मालिकेआधीच सांगून झालं होतं की वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळेल. कुठल्या तीन, ते गुलदस्त्यात. मालिका २-२ अशी सुटली. भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत, एजबॅस्टनला आणि ओव्हलला, बुमरा नव्हता. तो खेळला त्या तीनपैकी दोन भारत हरला आणि एक अनिर्णित राहिली. तेव्हापासून या आकड्यांवरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, बघा, त्याच्यावाचून काही अडत नाही. दुसरा म्हणतो, पाचही खेळला असता तर मालिका खिशात होती. दोघांच्या बोलण्यात 'वर्कलोड' हा शब्द सारखा येतो, आणि दोघंही तो आपापल्या सोयीने वापरतात.

मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं 'कार्यभार व्यवस्थापन' करून टाकलं. आपल्याकडे कार्यभार स्वीकारतात ते नवे जिल्हाधिकारी. वेगवान गोलंदाजाचा भार कमरेच्या मणक्यावर पडतो. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या पायातून वर चढतो, त्याच क्षणी धड एका बाजूला वाकलेलं असतं, आणि हे दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा. हाडाला एका चेंडूने काही होत नाही. बारीक इजा साठत जातात, भरून यायला वेळ मिळाला नाही की चीर जाते. तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. बुमराला ते २०१९ साली झालं, पुढे पाठीने पुन्हा दगा दिला आणि २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

हा शब्द क्रिकेटच्या बोलीत रुळला तो मुख्यतः ऑस्ट्रेलियामुळे. नोव्हेंबर २०११मध्ये जोहान्सबर्गला पॅट कमिन्स वयाच्या अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळला, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेऊन सामनावीर ठरला, आणि पुढची कसोटी खेळला थेट मार्च २०१७मध्ये, रांचीत. मधली सव्वापाच वर्षं पाठ आणि इतर दुखापतींत गेली. त्याच काळात, २०१२मध्ये, अ‍ॅडलेडला दक्षिण आफ्रिकेने शेवटचा दिवस खेळून काढला. ऑस्ट्रेलियाचा एक वेगवान गोलंदाज सामन्यात मध्येच जायबंदी झाला होता, म्हणून पीटर सिडलने दोन डावांत मिळून साठाच्या वर षटकं टाकली. पुढची कसोटी काही दिवसांवर, पर्थला. सिडल आणि त्याचा नव्या चेंडूचा जोडीदार दोघांनाही बसवलं आणि ऑस्ट्रेलिया ३०९ धावांनी हरली. पुढच्याच महिन्यात मिचेल स्टार्क सामना जिंकून देतो काय आणि लगेच २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डे कसोटीतून बाहेर बसतो काय, यावरून तिथले जुने खेळाडू खवळले. तेव्हा तिथल्या मंडळाने 'रोटेशन' (खेळाडूंना आळीपाळीने बसवणं) हा बदनाम झालेला शब्द टाळून 'इन्फॉर्म्ड प्लेयर मॅनेजमेंट' असं नवं नाव काढलं. नाव बदललं तरी भांडण मिटलं नाही.

त्यामागचं शास्त्र मात्र खोटं नव्हतं. एका सामन्यात पन्नासाच्या वर षटकं पडली की पुढचे तीनेक आठवडे दुखापतीचा धोका वाढतो, असं तिकडच्या अभ्यासांत दिसलं. या आठवड्यात टाकलेल्या चेंडूंची तुलना मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी करायची आणि उडी फार मोठी असेल तर हात आखडायचा, अशी पद्धत त्यातून पडली. म्हणजे मूळ हिशेब चेंडूंचा. नेटमधले चेंडूही त्यात आले. शिवाय फार कमी गोलंदाजी केलेला गडीही तितकाच धोक्यात असतो, कारण त्याच्यासाठी कसोटीतली पंचवीस षटकंसुद्धा मोठी उडी ठरते. हे दुसरं टोक आपल्याकडे कुणी बोलत नाही. २०२५ची आयपीएल ३ जूनला संपली आणि इंग्लंडमधली पहिली, हेडिंग्लेची कसोटी २० जूनला सुरू झाली. दोन महिने चार-चार षटकं टाकणाऱ्या खांद्यांना मध्ये मिळाले अडीच आठवडे.

बुमराच्या बाबतीत भीती का होती, ते आदल्या हिवाळ्यातल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कळतं. पाच कसोटींत ३२ बळी, सरासरी तेराच्या आसपास. मेलबर्नला दोन डावांत मिळून ५३.२ षटकं. तो सामना ३० डिसेंबरला संपला, सिडनीची कसोटी ३ जानेवारीला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बुमरा पाठ धरून मैदानाबाहेर गेला आणि दुसऱ्या डावात त्याने एकही चेंडू टाकला नाही. १६२ धावांचं लक्ष्य ऑस्ट्रेलियाने गाठलं. सिडनीच्या त्या डावात कर्णधाराकडे जे उरलं, तेच भारताच्या माऱ्याचं खरं मोजमाप होतं असं माझं मत आहे, आणि ते मोजमाप फार समाधानकारक नव्हतं.

इथवर सगळं समजण्यासारखं. गडबड पुढे झाली. चेंडूंचा हिशेब इंग्लंड दौऱ्यासाठी सामन्यांच्या हिशेबात बदलला: पाचपैकी तीन. हेडिंग्लेला बुमराने दोन डावांत जवळपास ४४ षटकं टाकली. मँचेस्टरला एकाच डावात ३३, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावात शंभरावर धावा दिल्या. कसोटी वीस षटकांची होते तशी पंचावन्नचीही होते, मग 'तीन सामने' हे माप कशाचं? हेडिंग्ले आणि एजबॅस्टन यांच्यामध्ये सात दिवस मोकळे होते, तरी तो एजबॅस्टनला बसला, का तर लॉर्ड्सला हवा होता. एक कसोटी हरून पिछाडीवर असताना, आठवड्याच्या विश्रांतीनंतर सर्वोत्तम गोलंदाज बाहेर. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि ३३६ धावांनी जिंकल्यावरही पटलेला नाही. निकाल चांगला लागला म्हणजे निर्णय बरोबर होता असं नसतं. एजबॅस्टनला आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले आणि सिराजने पहिल्या डावात सहा, त्याचं श्रेय त्या दोघांचं.

जुन्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण मोजायला गोलंदाजच नसायचे. १९३२मध्ये, भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, निसार आणि अमरसिंग या वेगवान जोडीने लॉर्ड्सवर इंग्लंडची ३ बाद १९ अशी अवस्था केली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मधली चाळीसेक वर्षं कुणी फारसं सांगत नाही. १९५९मध्ये मुंबईचा रमाकांत देसाई एकोणिसाव्या वर्षी दिल्लीत पहिली कसोटी खेळला, समोर वेस्ट इंडीज. शरीरयष्टी बारीक, उंची बेताची. त्याच्याकडून त्या डावात ४९ षटकं टाकून घेतली. १६९ धावांत ४ बळी. आज एखाद्या फिजिओला हे सांगितलं तर तो खुर्चीतून उठेल. देसाईची कारकीर्द २८ कसोटींत आटोपली. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या, उघड्या खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजाला आपण तेज म्हणायचो ते याच काळात. खऱ्या वेगाशी गाठच नव्हती. १९६७मध्ये तर एजबॅस्टनलाच भारताने चारही फिरकीपटू एकत्र खेळवले आणि नवा चेंडू ज्यांच्या हाती दिला त्यातला एक मुळात यष्टिरक्षक होता. नऊ वर्षांनी किंग्स्टनला चार वेगवान गोलंदाज एकदम अंगावर आले, अंशुमन गायकवाड कानावर चेंडू बसून रुग्णालयात गेला आणि दुसऱ्या डावात भारताचे पाच फलंदाज खेळायलाच उतरू शकले नाहीत. चौकडी म्हणजे काय ते आपण असं शिकलो. गंमत म्हणजे वेस्ट इंडीजला तिकडे ढकललं ते आपणच: आदल्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्यांच्या तीन फिरकीपटूंसमोर भारताने ४०३चं लक्ष्य पार केलं होतं.

मग कपिल. १३१ कसोटी, ४३४ बळी, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. या एका माणसाने भारतीय प्रेक्षकाची फूटपट्टी कायमची बिघडवून ठेवली. 'कपिल कधी बसला होता का?' हा प्रश्न आजही कुठल्याही वादात तोंडावर फेकला जातो. अपवादाला नियम मानलं की त्याच्यामागून येणारा प्रत्येक जण नाजूक वाटायला लागतो. कपिलच्या काळात दुसऱ्या टोकाने कोण, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा तसाच लोंबकळत राहिला, हे कुणी विचारत नाही.

त्या प्रश्नाचं सगळ्यात महागडं उत्तर मिळालं जुलै २०११मध्ये. भारत क्रमवारीत अव्वल, लॉर्ड्सवर पहिली कसोटी, पहिला दिवस. श्रीरामपूरचा झहीर खान १३.३ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतो आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, धरून बाहेर जातो. तो त्या मालिकेत परतलाच नाही. त्या डावात प्रवीण कुमारला चाळीस षटकं टाकावी लागली. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीपर्यंत पाळी अशी आली की तीन वर्षांहून अधिक काळ कसोटी न खेळलेल्या गोलंदाजाला नवा चेंडू द्यावा लागला. निकाल ४-०. फलंदाजांना लोकांनी शिव्या घातल्या, आणि त्या रास्तच होत्या. पण त्या संघाचा मारा म्हणजे एक माणूस आणि त्याचा स्नायू एवढाच होता.

२०१८पासून चित्र बदललं. जानेवारीत बुमराने केपटाऊनला पदार्पण केलं, वर्षअखेर ४८ बळी. जोहान्सबर्गला पाच वेगवान गोलंदाज आणि फिरकीपटू शून्य, ६३ धावांनी विजय. डिसेंबरात पर्थला तोच डाव चार जणांवर लावला आणि फसला. समोरच्या संघातला ऑफस्पिनरच आठ बळी घेऊन गेला. तरीही बुमरा, शमी आणि इशांत या तिघांनी मिळून त्या एका वर्षात वेस्ट इंडीजच्या त्रिकुटाचा १९८४चा १३० बळींचा विक्रम मागे टाकला. त्यामागे चेन्नईत १९८७पासून चालू असलेली वेगवान गोलंदाजांची अकादमी आहे, भारत 'अ' संघाचे दौरे आहेत, फिटनेसच्या चाचण्या आहेत. आयपीएलमुळे वेग शोधणाऱ्यांची नजर गल्लीबोळांत पोचली, हेही आहे. विदर्भातला खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव आणि लोकलने पालघरहून मुंबईच्या मैदानांवर येणारा शार्दूल ठाकूर हे आपल्या घरातलेच दाखले. शार्दूल हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला होता. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला तो पुन्हा खेळला तोही पहिल्या फळीतले सगळे जायबंदी झाले म्हणून. त्याने सात बळी घेतले आणि ६७ धावाही केल्या. पहिल्या डावात वेगवान गोलंदाज सैनीला आठ षटकंही पुरी करता आली नाहीत, तरी भारत जिंकला. २०११ आणि २०२१ यांतला फरक इथे आहे.

म्हणून २०२५च्या मालिकेकडे बघताना माझी नजर बुमरावरून सरकून सिराजवर जाते. पाचही कसोटी खेळलेला तो भारताचा एकमेव वेगवान गोलंदाज. १८५.३ षटकं, २३ बळी. पाचही सामने पाचव्या दिवसापर्यंत गेले. लॉर्ड्सला शेवटचा फलंदाज तोच होता. चेंडू बॅटला लागून घरंगळत यष्टींवर गेला आणि भारत २२ धावांनी हरला. ओव्हलला चौथ्या दिवशी इंग्लंडचा ब्रूक १९वर असताना त्याने झेल घेतला खरा, पण पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. ब्रूकने १११ केल्या. सिराजच्या 'वर्कलोड'बद्दल मात्र एकही पत्रकार परिषद झाल्याचं मला आठवत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार, ओव्हलचा पाचवा दिवस, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. ऑफिसात कुणाचंही कामात लक्ष नव्हतं. इंग्लंडला ३५ हव्या होत्या, हाताशी चार गडी, त्यातल्या एकाचा हात झोळीत. चेंडू ७६ षटकं जुना. दुसरा वेगवान गोलंदाज प्रसिध कृष्ण, त्याच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार गेले. ८० षटकं झाली, नवा चेंडू घेता येत होता, भारताने घेतला नाही, कारण जुनाच हवेत वळत होता. सिराजने स्मिथला मागे झेल द्यायला लावला, ओव्हर्टनला पायचीत केलं. प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. मग एक हात बांधलेला वोक्स दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला आणि अ‍ॅटकिन्सनने सिराजला षटकार मारला. आकाश दीपच्या हातांतून निसटून चेंडू दोरीपलीकडे गेला. सात धावा हव्या असताना, डावाच्या ८६व्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर, यॉर्कर. ऑफ स्टंप आडवा. त्या डावातलं ते सिराजचं ३१वं षटक होतं.

ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीजचा संघ दोन कसोटींसाठी भारतात आला. बुमरा दोन्ही खेळला. अहमदाबादची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली.