जुन्या मालकाचं बिल तुमचं नसतं

जुनं घर विकत घेताना बहुतेक जण विकणाऱ्याला विचारतात, "महिन्याला वीजबिल किती येतं हो?" समोरचा अगदी खरं सांगत असला तरी त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. त्या एका आकड्यात घराची बांधणी, त्या वर्षीचं हवामान आणि राहणाऱ्यांच्या सवयी असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. यातली फक्त बांधणी तुम्ही विकत घेत असता. हवामान दरवर्षी बदलतं आणि सवयी जुना मालक सोबत घेऊन जातो.

सवयींचा वाटा किती मोठा असतो, याचा एक सुंदर अभ्यास आहे. 1970 च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीतली घरं तपासली. घरं एकाच आराखड्याची, एकमेकांना लागून बांधलेली. तरीही घर उबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेत दुपटीपर्यंत फरक सापडला. मग रॉबर्ट सॉन्डरेगर यांनी कुटुंब बदललेली घरं आणि तेच कुटुंब राहिलेली घरं यांची तुलना केली. 1978 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या फरकाचा मोठा भाग राहणाऱ्या माणसांमुळे पडतो. कुटुंब बदललं की त्याच भिंतींच्या आत खप बदलतो.

तरीही जुनी बिलं निरुपयोगी नाहीत. ती नीट सोडवावी लागतात.

त्यासाठी निदान बारा महिन्यांची बिलं मागा आणि रकमेऐवजी युनिट पाहा. रकमेत स्थिर आकार, कर आणि टप्प्यांनुसार चढणारे दर मिसळलेले असतात. जिथे जास्त खपाला जास्त दर लागतो, तिथे तुमचं वाढीव युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडतं. सरासरी दराने गुणलं की अंदाज हमखास कमी येतो. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजाने टाकलेलं, हेही बघून घ्या. घर काही महिने बंद होतं का, हे तर विचारायलाच हवं.

आता वर्षातले असे महिने शोधा, जेव्हा हीटरही लागत नाही आणि एसीही. त्या महिन्यांचा खप म्हणजे पायाभूत खप: फ्रिज, दिवे, गीझर, पंप आणि सतत चालू राहणारी बारीकसारीक उपकरणं. हा भाग मुख्यतः माणसांवर आणि उपकरणांवर अवलंबून असतो, म्हणून तो तुमच्या कुटुंबाप्रमाणे नव्याने मोजावा. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात. दोन माणसांच्या घरात पाच माणसं राहायला आली की काय होईल, ते यावरून दिसतं. रात्रंदिवस 10 वॅट खाणारं एखादं उपकरणही वर्षाला जवळजवळ 88 युनिट घेतं.

पायाभूत खप वजा केला की उरतो तो हवामानाशी बांधलेला खप. घराची खरी ओळख इथेच पटते. यासाठी 'डिग्री-डे' हे माप वापरतात. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान 8 अंश असेल आणि आधार 18 अंशांचा धरला, तर त्या दिवसाचे 10 डिग्री-डे झाले. घरात 20-21 अंश हवे असतानाही आधार 18 चा धरतात, कारण वरचे दोन-तीन अंश स्वयंपाक, ऊन, उपकरणं आणि माणसं फुकटात पुरवतात. शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे 100 वॅट उष्णता देतो.

समजा पायाभूत खप महिन्याला 300 युनिट आहे आणि थंडीच्या एका महिन्यात, 300 डिग्री-डे असताना, 2,700 युनिट लागले. म्हणजे 2,400 युनिट थंडीसाठी गेले, दर डिग्री-डेला 8. साधा विजेचा हीटर असेल तर याचा अर्थ, आतबाहेर एका अंशाचा फरक पडला की घरातून सुमारे 333 वॅट उष्णता सतत बाहेर जाते. गॅसचा बॉयलर असेल तर त्याच्या कार्यक्षमतेचा हिशोब करावा लागतो; हीट पंप असेल तर एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता मिळते, तेव्हा तोच आकडा बऱ्याच गळक्या घराचा ठरेल. याच पद्धतीला नेमकं संख्याशास्त्रीय रूप देऊन मार्गारेट फेल्स यांनी 1986 मध्ये 'प्रिझम' ही पद्धत मांडली. तीही प्रिन्स्टनचीच.

हे 333 वॅट जातात कुठून? एकेरी काचेच्या खिडकीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला साडेपाच ते सहा वॅट जातात. 10 चौरस मीटर खिडक्या असतील तर 58 च्या आसपास. साध्या दुहेरी काचेने हे जवळपास निम्म्यावर येतं. फटींचा हिशोब मात्र लोक विसरतात. 300 घनमीटरच्या घरातली हवा तासाला एकदा बदलत असेल, तर फक्त त्यापायी दर अंशाला 100 वॅट जातात. गरम हवा वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते. म्हणून महागड्या खिडक्यांच्या आधी माळा, दारांच्या कडा आणि पाइपांभोवतीची भोकं पाहावीत, असं माझं ठाम मत आहे. गळती मोजायला ब्लोअर डोअर चाचणी असते: दारात पंखा बसवून आतबाहेर 50 पास्कल दाबाचा फरक ठेवायचा आणि किती हवा वाहते ते मोजायचं.

उन्हाळ्याचा आलेख इतका सरळ येत नाही, कारण एसीला हवेतली वाफही काढावी लागते. एक लिटर पाणी हवेतून काढताना सुमारे 0.68 युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. दमट हवेत नुसत्या तापमानावरून केलेला अंदाज म्हणून फसतो.

नळाच्या पाण्यासाठी एवढं गणित नको. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्या, तासाभराने पुन्हा पाहा. आकडा सरकला तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकी गुपचूप गळते आहे.

जुन्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास आढळते: गळक्या घरातली माणसं काटकसरीने राहतात. एकच खोली गरम ठेवतात, बाकीच्यांची दारं लावून घेतात. मिना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्व्हिन यांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या घरांची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रत्यक्ष खप बांधणीवरून काढलेल्या खपापेक्षा सरासरी 30 टक्के कमी निघाला. अशा मालकाचं कमी बिल पाहून घर चांगलं आहे असं वाटू शकतं.

म्हणून वर काढलेल्या आकड्यावरून दोन अंदाज करावेत. अलीकडच्या अनेक वर्षांच्या सरासरीने थंडीचे 150 दिवस आणि 1,200 डिग्री-डे येत असतील, तर 8 च्या दराने 9,600 युनिट आणि वर्षाचे पायाभूत 3,600, मिळून 13,200. तुम्हाला जुन्या मालकापेक्षा घर 3 अंश जास्त उबदार हवं असेल, तर 450 डिग्री-डे वाढतात आणि बेरीज 16,800 वर जाते. बजेट करताना मी दुसरा आकडा धरेन.