त्रिशूळ हरवलेला देव: शिल्पांत आणि नाण्यांवर पोसायडन

ग्रीक शिल्पकारांनी देवांचा राजा झ्यूस आणि समुद्राचा देव पोसायडन या भावांना जवळजवळ एकच चेहरा दिला: दाट दाढी, लांब केस, भरदार छाती. ओळख पटते ती हातातल्या वस्तूवरून: झ्यूसकडे वज्र, पोसायडनकडे त्रिशूळ. ब्राँझच्या पुतळ्यात ही वस्तू बहुधा वेगळी ओतून मुठीत बसवलेली असे, त्यामुळे सगळ्यात आधी तीच निखळते. ग्रीसमधल्या आर्टेमिसिऑनच्या समुद्रात १९२६-२८ मध्ये सापडलेला, २.०९ मीटर उंचीचा ब्राँझचा देव आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. काळ साधारण इ.स.पू. ४६०, उजवा हात फेकीच्या पवित्र्यात आणि मूठ रिकामी. त्रिशूळ की वज्र, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

पोसायडनच्या बाजूने पुढे केला जातो तो दक्षिण इटलीतल्या पोसायडोनियाचा पुरावा, म्हणजे आजच्या पेस्टमचा. या नगराने इ.स.पू. ५३० च्या सुमारास चांदीची पातळ, रुंद नाणी पाडली: व्यास सुमारे ३० मिलिमीटर, वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास. त्यांवर देव पाऊल टाकत त्रिशूळ उगारतो, दोन्ही दंडांवरून उपरणे लोंबते आणि बाजूला नगराच्या नावाची पहिली अक्षरे आहेत. मागच्या बाजूला हीच आकृती पाठमोरी आणि खोलगट उमटलेली असते. त्यासाठी वरचा आणि खालचा ठसा काटेकोर जुळवावा लागे. जरा सरकला तर पातळ चकती वेडीवाकडी दबे किंवा तडकत असे. इ.स.पू. ४७० च्या सुमारास ही पद्धत सुटली, नाणे जाड झाले आणि मागे बैल आला.

तरीही नाणे पाहून पुतळ्याचा निकाल लावणे घाईचे ठरेल. नाण्यावरची आकृती सपाट असते. पूर्णाकृती पुतळ्यात लांब त्रिशूळ चेहऱ्यासमोर येईल, ही अडचण तिथे उद्भवतच नाही. शिवाय ग्रीसमधल्या डोडोनाच्या छोट्या ब्राँझमूर्तीत झ्यूस याच पवित्र्यात वज्र उगारतो. वज्राचे पारडे मला जड वाटते.

पोसायडनला राजकारणात आणले ते मॅसेडोनियन सेनानी आणि पुढे राजा झालेल्या डिमिट्रिअस पोलिऑर्केटिसने. इ.स.पू. ३०६ मध्ये सायप्रसमधल्या सलामिसजवळ त्याने इजिप्तचा सत्ताधीश टॉलेमी याचे आरमार बुडवले. त्यानंतरच्या सुमारे १७ ग्रॅमच्या चांदीच्या चतुर्द्रम्मांवर (चार द्रम्म मोलाच्या नाण्यांवर) एका बाजूला जहाजाच्या नाळेवर तुतारी फुंकणारी विजयदेवता आहे, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ उगारलेला पोसायडन. पुढच्या नाण्यांवर डिमिट्रिअसचा स्वतःचा चेहरा येतो, तोही कपाळाला बैलाचे शिंग लावून. मागे पोसायडन खडकावर पाय ठेवून त्रिशुळाला टेकलेला दिसतो. ही ढब शिल्पकार लायसिपॉसच्या पुतळ्यावरून आली असे मानतात. आरमाराचा देव लढायचा थांबतो आणि धन्यासारखा उभा राहतो, हा बदल मोठा आहे.

समुद्रापासून शेकडो कोस दूर बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात, ग्रीक राजा पहिल्या अँटिमॅकसने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हाच देव घेतला: समोर तोंड करून उभा, एका हाती त्रिशूळ, दुसऱ्या हाती ताडाची फांदी. एखाद्या नदीवरच्या आरमारी विजयाची खूण म्हणून अर्थ लावला गेला, पण पोसायडन भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव होता. घोडेस्वारांच्या मुलखात एवढे कारण पुरे. पुढे शक राजा मोएस आणि पहिला अझेस यांच्या तांब्याच्या नाण्यांवर तो नदीदेवतेवर पाय रोवतो आणि नाण्याच्या मागच्या बाजूला वेलींमध्ये यक्षीसारखी स्त्री उभी असते.

वायव्येकडची झिजलेली नाणी चाळताना नुसत्या त्रिशुळावर भिस्त ठेवू नये. कुषाण राजा विम कडफिसेसच्या नाण्यांवर त्रिशूळधारी शिव आहे. देवाच्या पाठीशी नंदी उभा आहे का ते आधी बघावे आणि मग कडेचा लेख वाचावा.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडातून निघालेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती मात्र नाण्यांच्या या वायव्येकडच्या वाटेने आलेली नाही. ती रोमन काळातली, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाटावर चढलेल्या मालातली आहे आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ठेवलेली आहे.