गळाला काहीच लागत नाही, तेव्हा

२ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, माँटगोमेरी लेक नावाच्या पाण्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने एक लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, पकडला. वजन भरलं २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित जास्त. हा जागतिक विक्रम अजूनही पुरता मोडलेला नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ एका औंसाने जड मासा पकडला. पण नवा विक्रम मान्य व्हायला निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांची नावं बरोबरीने नोंदलेली आहेत.

आता दुसरा आकडा पाहा. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या नद्यांवर ‘बासमास्टर क्लासिक’ ही बास गरवण्याच्या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा झाली. केव्हिन व्हॅनडॅम जिंकले. तीन दिवसांत त्यांनी पकडलेल्या सगळ्या माशांचं वजन मिळून होतं १२ पौंड १५ औंस. पेरींचा एकटा मासा याच्या पावणेदोन पट होता. तरीही महान कोण असं विचारलं, तर बास गरवण्याचा खेळ जाणणारा माणूस न अडखळता व्हॅनडॅम यांचं नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे.

कारण असंख्य माणसं वर्षानुवर्षं गळ टाकत राहिली, तर कुणाच्या तरी गळाला एखादा अचाट मासा लागणारच. तो कुणाच्या गळाला लागेल हे बहुतांशी नशीब ठरवतं. कौशल्य जोखायचं तर एकच माणूस वेगवेगळ्या पाण्यात, वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा वर येतो का, हे बघावं लागतं. रिक क्लन यांनी क्लासिक चार वेळा जिंकली. १९७६ मध्ये अलाबामातल्या गंटर्सव्हिलच्या जलाशयावर, १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या उथळ टोहोपेकालिगा सरोवरावर, १९८४ मध्ये आर्कान्सा नदीवर आणि १९९० मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स नदीच्या भरतीओहोटीच्या पाण्यात. चारही पाण्यांची जातकुळी वेगळी. पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीवर बासमास्टरचीच आणखी एक मोठी स्पर्धा जिंकली. व्हॅनडॅम यांच्याही नावावर चार क्लासिक आहेत, आणि रोलंड मार्टिन नऊ वेळा वर्षातले सर्वोत्तम ठरले. नशीब असं एकाच्याच दारात मुक्काम ठोकत नाही.

या खेळाच्या स्पर्धांना आजचं रूप देणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७१ च्या पहिल्या क्लासिकमध्ये एक मजेदार गोष्ट केली. २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठे चाललोय हे विमान हवेत गेल्यावर सांगितलं: नेवाडाच्या वाळवंटातलं लेक मीड. हेतू बरोबरीचा सामना व्हावा एवढाच होता, पण नकळत तो एक छान प्रयोग झाला. ‘आमच्या तळ्यातला तो तिसरा खुंट’ या प्रकारची सगळी माहिती एका फटक्यात निकामी झाली. उरलं ते फक्त कुठल्याही पाण्यावर उपयोगी पडणारं ज्ञान. बॉबी मरे जिंकले.

हे ज्ञान म्हणजे नेमकं काय? लोक पटकन ‘संयम’ म्हणतात. मला ते पटत नाही. व्हॅनडॅम यांची तर ख्यातीच मुळी वेगाची. भराभर फेका, भराभर गुंडाळा, पुढे चला. माझ्या मते खरा फरक पडतो तो काहीच घडत नसताना. गळ टाकणाऱ्याचा बहुतेक दिवस नुसत्या रिकाम्या फेकींचा असतो. त्या रिकामेपणातून कोण किती माहिती काढतो, यावर बाकी सगळं ठरतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांचं तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दल अगदी विरुद्ध मत होतं. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि एका मुद्द्यावर ते सहमत झाले: अंतःप्रेरणा भरवशाची व्हायला दोन गोष्टी लागतात. भोवतालच्या परिस्थितीत खरोखरच काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळायला हवं. बुद्धिबळात दोन्ही मिळतात. गळ टाकण्यात पहिली गोष्ट बऱ्यापैकी आहे. बास थंड रक्ताचा, त्यामुळे पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्याची भूक आणि हालचाल बदलते. वसंतात पाणी साधारण १५ ते २० अंशांवर आलं की तो उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात, तळच्या थंड थरात प्राणवायू कमी होतो आणि मासे त्याच्या वरच राहतात. शिवाय तो दबा धरून शिकार करतो, म्हणून बुडालेली झाडं, पाणवनस्पतींच्या कडा, तळातले उंचवटे यांच्या आसऱ्याला असतो. म्हणजे नियम आहेत. दुसऱ्या अटीचं मात्र अवघड आहे. मासा लागला नाही, तर आपलं नेमकं काय चुकलं हे पाणी सांगत नाही. तिथे मासाच नव्हता? होता पण त्याला भूक नव्हती? आमिष दोन हात वरून गेलं? की सगळं ठीक होतं आणि फेक बुडक्यापासून वीतभर लांब पडली?

इथे थोडं गणित करू. समजा, एका बुडालेल्या झाडाजवळ मासा असण्याची शक्यता तुम्हाला ६० टक्के वाटते. तुम्ही दहा फेकी करता आणि काहीच लागत नाही. तुम्ही नवशिके असाल, मासा तिथे असूनही दहा फेकींत तो गळाला लागण्याची शक्यता फक्त १० टक्के असेल, तर बेझच्या सूत्राप्रमाणे (नवी माहिती मिळाल्यावर आधीची शक्यता किती बदलावी, हे ते सांगतं) ‘मासा इथे आहे’ ही शक्यता ६० वरून ५७ वर येते. म्हणजे दहा फेकींनंतरही तुम्ही जवळजवळ होता तिथेच. पण मुरलेल्या गरवणाऱ्याची तीच शक्यता ८० टक्के धरा. त्याच दहा रिकाम्या फेकींनंतर त्याचा आकडा ६० वरून २३ वर घसरतो. तो इंजिन सुरू करतो आणि निघतो.

काठावरून बघणाऱ्याला दोघांच्या हाती सारखाच भोपळा दिसतो. प्रत्यक्षात एकाला उत्तर मिळालेलं असतं, दुसऱ्याला नाही. हाताचं कसब आणि डोक्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी मानायची आपल्याला सवय आहे. पण इथे हात जितका भरवशाचा, तितकी त्याच्या अपयशातून मिळणारी माहिती पक्की. अचूक फेकीचा सराव मासा पकडायला उपयोगी पडतोच. त्याहून जास्त उपयोग मासा इथे नाही हे कळायला होतो.

आणि ही अचूकता नुसती फेकीत नसते. बास भक्ष्याला चावत नाही, ओढून घेतो. तोंड आणि कल्ले झटक्यात फाकवले की तोंडाच्या पोकळीतला दाब पडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत जातं. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि नको असलेली वस्तू थुंकून टाकणंही जवळजवळ तितकंच चटकन. त्यामुळे पुष्कळदा दोराला हिसका बसतच नाही. दोर क्षणभर सैल पडतो, किंवा उगाच बाजूला सरकतो, किंवा आमिषाचं वजनच जाणवेनासं होतं. नवशिक्याला हे कळत नाही, आणि तो आपल्या हिशेबात ‘मासा नाही’ अशी चुकीची नोंद करतो. पुढचे सगळे निर्णय त्या चुकीवर उभे राहतात.

रंगांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण नकली आमिषांच्या पेट्या रंगांनीच भरलेल्या असतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासच्या डोळ्यातल्या पेशी तपासल्या, तेव्हा दोनच प्रकारचे शंकू, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, सापडले: एक हिरव्या प्रकाशाला, दुसरा लाल प्रकाशाला जास्त संवेदनशील. मग माशांना विशिष्ट रंग ओळखायला शिकवून पाहिलं. लाल आणि हिरवा ते चांगले ओळखत. पण भडक पिवळट हिरवा आणि पांढरा यांत त्यांची गल्लत होई, तशीच निळा आणि काळा यांत. म्हणजे पेटीतले निम्मे वाद माणसांच्या डोळ्यांपुरतेच आहेत. पाणी गढूळ असलं की बास अंगाच्या बाजूने गेलेल्या पार्श्वरेषेवर जास्त विसंबतो. पाण्यातली बारीक थरथर तिला कळते, आणि तेव्हा आमिष कसं हलतं याला रंगापेक्षा जास्त किंमत येते.

जागा कधी सोडायची, हा प्रश्न प्राण्यांनाही पडतो. परिसरशास्त्रज्ञ एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ मध्ये त्याचं उत्तर सूत्रात मांडलं. एका जागेवरची मिळकत कमी होत होत सबंध परिसराच्या सरासरीइतकी झाली की तिथून उठावं, आणि दुसरी जागा जितकी लांब, तितकं आहे तिथे जास्त थांबावं. चांगले गरवणारे हे सूत्र न शिकताच पाळतात. पण त्यासाठी सबंध तळ्याची सरासरी मनात असावी लागते, आणि ती प्रत्येक दिवसाची निराळी. पिट्सबर्गसारख्या ठिकाणी दिवसभरात मोजकेच मासे मिळणार असतील, तर रिकामा तास म्हणजे अपयश नव्हे. हे ज्याने आधी ओळखलं तो शांत राहिला. कालच्या सुपीक तळ्याची सरासरी डोक्यात घेऊन आलेले उगाच सैरावैरा पळाले असतील, असं मला वाटतं.

रिकाम्या फेकींनी जागा बाद होत जातात. लागलेला मासा उलटं काम करतो. रोलंड मार्टिन यांनी रूढ केलेली ‘पॅटर्न’ची कल्पना हीच. एक बास लागला की तो किती खोलीवर होता, झाडाच्या सावलीच्या बाजूला की उन्हाच्या, वारा कुठून होता, आमिष पडताना घेतलं की ओढताना, हे टिपायचं आणि सबंध जलाशयात तशाच जागा शोधायच्या. यातला धोका उघड आहे. एका माशावरून नियम बांधणं म्हणजे एका नमुन्यावरून निष्कर्ष. दुसरा मासा तशाच दुसऱ्या जागी लागेपर्यंत जो त्या नियमाला नुसता अंदाजच समजतो, तो सहसा फसत नाही.

न लागण्याची कारणं शोधताना लोक हवेच्या दाबाकडेही बोट दाखवतात. वादळाआधी दाब उतरला आणि माशाला कळलं, वगैरे. हिशेब करून बघा. दाब २० मिलिबारने पडणं हा हवामानातला मोठा बदल. पाण्यात तेवढाच फरक फक्त २० सेंटिमीटर वरखाली झाल्याने पडतो. मासा हे दिवसभर करत असतो. वादळाबरोबर ढग येतात, उजेड कमी होतो, वारा पाणी ढवळतो. बासची शिकार बदलायला ही कारणं पुरेशी आहेत.

आणखी एक गुंता आहे. सगळे बास सारखे नसतात. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तळ्यावर चार वर्षं प्रत्येक पकडलेल्या माशाची खूण करून नोंद ठेवली गेली, आणि प्रत्येक मासा परत सोडला गेला. एक मासा तर एका वर्षात १६ वेळा पकडला गेला. शेवटी तळं रिकामं केलं, तेव्हा सतराशेहून जास्त मासे निघाले. त्यांतले सुमारे दोनशे सबंध काळ तळ्यात असूनही एकदाही गळाला लागलेले नव्हते. पुढे सहज सापडणाऱ्यांची आणि न सापडणाऱ्यांची संतती वेगवेगळी वाढवली, काही पिढ्या हीच निवड केली, आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गळाला लागण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक आहे. हा आनुवंशिक वाटा सुमारे १५ टक्के निघाला.

ज्या पाण्यावर रोज गळ पडतात, तिथे भोळे मासे आधी पकडले जातात. ते सोडून दिले तरी पुढचा काही काळ सावध राहतात. म्हणजे सामान्य माणसाचा सगळा अनुभव भोळ्या माशांवर पोसलेला असतो. ‘बासला हे आवडतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर पकडले गेलेल्या बासना ते आवडलं एवढंच आपल्याला माहीत असतं. ते दोनशे मासे आपल्या अनुभवात कधी आलेलेच नसतात. मोठ्या स्पर्धांत शेवटच्या दिवशी त्यांच्यासारख्यांशीच गाठ असते.

अलीकडे मात्र या खेळाचा कणाच हलला आहे. १९५९ च्या सुमारास कार्ल लोरन्स यांच्या छोट्या हिरव्या डब्यातून सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातलं टिपणारं यंत्र, सामान्य माणसाच्या नावेवर आलं, पण ते नावेखालचं पाणी दाखवायचं. २०१८ पासून समोरचं पाणी जिवंत चित्रासारखं दाखवणारं सोनार बाजारात आलं. आता मासा आहे का, हे विचारावं लागत नाही. आमिष त्याच्या तोंडासमोरून जाताना दिसतं, तो मागे येताना दिसतो, आणि तोंड फिरवून जातानाही. लहानपणापासून पडद्यांसमोर वाढलेली तरुण मुलं जुन्यांना हरवू लागली. चिडलेल्यांची संख्या इतकी वाढली की मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांना या यंत्रावर मर्यादा घालाव्या लागल्या.

जुन्यांची तक्रार मला अर्धीच पटते. वरच्या गणितातला ६० टक्क्यांचा आकडा यंत्राने थेट १०० केला, हे खरं. अनेक वर्षांत कमावलेलं तळ्याचं वाचन त्यामुळे स्वस्त झालं. पण रिकामी फेक संपलेली नाही. आता ती विचारते: हा समोरचा मासा आमिष घेत नाही, तो वेगामुळे, आकारामुळे, की तो रिज लेकमधल्या त्या दोनशेंपैकी एक आहे म्हणून? यांतल्या पहिल्या दोन कारणांवर उपाय आहे. तिसरं असेल, तर त्याच्यापाशी घालवलेला प्रत्येक मिनिट फुकट, आणि हे ओळखायला पडद्यावर कुठलीच खूण उमटत नाही.