स्पीकर तोच, मग आवाज वेगळा का?

स्पीकर आवडत नाही म्हणून बदलायला निघाला असाल तर कळकळीनं सांगतो, आधी त्याची जागा बदलून बघा, कारण खोलीत आपल्याला ऐकू येतं त्यातलं बरंचसं थेट स्पीकरमधून येतच नाही, भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटून येतं.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं) बेसची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाची, एक लाट जवळपास ७ मीटर लांब, आणि १०,००० हर्ट्झच्या बारीक, म्हणजे उंच पट्टीतल्या, आवाजाची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो, बेस मात्र चहूकडे पसरतो, स्पीकरच्या मागेसुद्धा. आता समजा मागची भिंत स्पीकरपासून १ मीटरवर आहे, तर मागे गेलेली लाट २ मीटर जास्तीचा प्रवास करून परत येते, आणि ८६ हर्ट्झच्या आसपास ती थेट आलेल्या लाटेच्या बरोब्बर उलटी पडते, दोघी एकमेकींना खातात, तेवढ्या आवाजात खड्डा पडतो. तिथे इक्वलायझर (बेस, बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) कितीही वर करा, परत येणारी लाटही तेवढीच वाढते, खड्डा तसाच! स्पीकर भिंतीला अगदी चिकटवला तर हा खड्डा वरच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे जास्त हर्ट्झकडे, सरकतो पण बेस फुगतो, कोपऱ्यात तर फारच.

बसायची जागाही तितकीच महत्त्वाची. ४ मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झचा टोन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग आवाज, लावून चालत जा, भिंतीपाशी घुमेल आणि बरोबर मध्यावर आलात की जवळजवळ गायब होईल, पहिल्यांदा ऐकताना खरंच विश्वास बसत नाही.

बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज आपल्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, कारण साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला परावर्तित आवाज मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो, संशोधक हेल्मुट हास यांचं यावरचं काम १९५१ साली प्रसिद्ध झालं. पण गायक नेमका कुठे उभा आहे ते चित्र त्यानं पसरट होऊ शकतं. भिंतीवर आवाज नेमका जिथे आपटतो ती जागा शोधायची तर तुम्ही नेहमीच्या जागी बसा, कुणालातरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड काहीतरी लावा. नुसत्या पातळ पडद्यानं बारीक आवाज दबतो, बेसला काही फरक पडत नाही.

सबवूफरसाठी (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) तर उलटं करा, तो तुमच्या खुर्चीवर ठेवा, बेसचं काहीतरी लावा आणि कान खाली नेऊन खोलीभर फिरा, जिथे प्रत्येक नोट सारखी ऐकू येईल तिथेच तो ठेवायचा.