वन-टू-थ्रीच्या मागची दीडशे वर्षे

यात्रेतली कुस्त्यांची दंगल बघत मोठ्या झालेल्या खान्देशी पोराला बॉक्सिंगमधलं कॉम्बिनेशन, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या ठोशांची साखळी, समजावणं अवघड नाही. पहिला डाव पुष्कळदा लागण्यासाठी टाकलेलाच नसतो. समोरच्याने तो सोडवताना वजन एका पायावर टाकावं आणि मग खरा डाव बसावा, हा हिशेब इथल्या मातीत जुना आहे. 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातलेच. बॉक्सिंगला इथे कुस्तीएवढी मुळं नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धा, पोलीस भरतीची तयारी आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, अशा वाटांनी पोरं या खेळाकडे वळतात. आणि पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं ते ‘वन-टू’, ‘वन-टू-थ्री’. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस मागच्या हाताचा सरळ ठोसा, हूक कोपर वाकवून बाजूने मारलेला. ही साखळी कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. नियम बदलले, हातमोजे आले, गुण मोजायची पद्धत बदलली, तशी ती घडत गेली, मध्येच मोडली आणि पुन्हा जुळली.

उघड्या मुठींच्या काळात सलग ठोशांना फारसा अर्थ नव्हता. हाताची हाडं नाजूक, कवटी कठीण; डोक्यावर भराभर मारणाऱ्याचा स्वतःचाच हात मोडायचा. शिवाय लंडनच्या 1838 च्या नियमांप्रमाणे कमरेच्या वर धरून पाडणं चालत असे, आणि कुणीतरी खाली पडलं की राउंड संपे. मग मोजून मारायचं, धरायचं, पाडायचं. 1889 साली जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन या अमेरिकी बॉक्सरांची लढत 75 राउंड चालली ती याच पद्धतीने. आपल्या पैलवानांना तो खेळ आजच्या बॉक्सिंगपेक्षा जवळचा वाटला असता.

1867 मध्ये क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले. नाव मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरीचं, मसुदा जॉन ग्रॅहम चेंबर्सचा. हातमोजे, तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद, आणि कुस्ती बंद. कॉम्बिनेशनचा जन्म मी इथे धरतो. मुठीला गादी मिळाली म्हणून डोक्यावर पुन्हा पुन्हा मारता येऊ लागलं. धरून पाडणं गेलं म्हणून जवळ आलेल्या माणसाला ठोशांनीच उत्तर देणं भाग पडलं. 7 सप्टेंबर 1892 रोजी न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटने याच सलिव्हनला हातमोजे घालून 21 व्या राउंडमध्ये हरवलं. ताकदीच्या एका फटक्यावर भरवसा ठेवणारा माणूस पायांच्या हालचालीपुढे आणि डाव्या हातापुढे दमून गेला.

नियमांनी जागा करून दिली. क्रम ठरवला तो शरीराने. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा असतो. जॅब अंतर मोजतो आणि समोरच्याची नजर अडवतो. मग मागची टाच वळते, कंबर फिरते, क्रॉस जातो. क्रॉस संपला तेव्हा वजन डाव्या पायावर आलेलं असतं आणि कंबर पिळलेली असते. ती उलगडतानाच डावा हूक निघतो. म्हणजे तिसऱ्या ठोशाची तयारी दुसऱ्यानेच करून ठेवलेली असते. एकाच बाजूचे दोन जोरदार ठोसे लागोपाठ मारणं म्हणूनच जड जातं, आणि ज्यांना ते जमतं ते धोकादायक ठरतात. हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचा, विजेता माइक टायसन उजवा हात आधी बरगडीत घालून त्याच हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, हनुवटीखाली मारायचा, ते बघताना हे ध्यानात येतं.

1937 ते 1949 हेवीवेट विजेता राहिलेल्या जो लुईसचे ठोसे आखूड असत. त्याचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न स्वतः बॉक्सर होते. हात फार मागे न नेता, तोल न सोडता तीन-चार ठोसे, इतकंच. शुगर रे रॉबिन्सनने त्यात वेग आणला आणि मागे सरतानाही मारता येतं हे दाखवलं. 1 मे 1957 रोजी जीन फुलमरला त्याने एकाच डाव्या हूकने झोपवलं, पण तो हूक बसावा म्हणून आधी उजव्या हाताने पोटावर मारून फुलमरचा हात खाली आणला होता. कुस्तीच्या आखाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आकड्यांची गोष्ट थोडी गमतीची आहे. न्यूयॉर्कचे प्रशिक्षक कस डमॅटो यांनी गाद्या गुंडाळून त्यावर माणसाची आकृती काढली आणि कुठे कोणता ठोसा मारायचा त्याचे आकडे लिहिले. होजे टोरेस 1965 मध्ये विली पास्ट्रानोशी विजेतेपदासाठी लढणार होता, म्हणून त्या बॅगचं नावच विली पडलं. टोरेस जिंकला. पुढे टायसनही याच पद्धतीत वाढला. पण डमॅटोंच्या यादीत एक म्हणजे डावा हूक आणि सात म्हणजे जॅब! आज बहुतेक ठिकाणी जॅबला एक, क्रॉसला दोन, पुढच्या हाताच्या हूकला तीन म्हणतात. सगळीकडे एकच यादी आहे असं समजून इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहणारी पोरं इथेच घोटाळतात.

हौशी बॉक्सिंगची कथा आणखी वेगळी. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनिअरचे 86 आणि यजमान दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनचे 32 ठोसे मोजले गेले, तरी निकाल पार्कच्या बाजूने लागला. त्या गदारोळानंतर 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये संगणकी गुण आले: पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. हेतू चांगला होता. परिणाम असा, की चार ठोशांची झड मारली तरी पंचांची बोटं तेवढी चालेनात. मोकळा, लांबून दिसणारा एकटा ठोसा फायद्याचा ठरू लागला. एक मारा आणि मागे व्हा. कॉम्बिनेशनचं या काळात नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे. विजेंदर सिंगचं 2008 चं बीजिंग कांस्य याच पद्धतीतलं. 2013 पासून दर राउंडला दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि दुसऱ्याला त्याहून कमी; पुरुषांचं हेडगिअर, म्हणजे डोक्याचं संरक्षक कवचही गेलं, आणि 2016 च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये सलग मारणाऱ्याला पुन्हा किंमत आली.

भारतात हे शिक्षण पसरवण्यात 1961 साली पतियाळ्याला सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा मोठा वाटा. क्युबाचे बी. आय. फर्नांडिस भारतीय संघासोबत वर्षानुवर्षे राहिले. 2012 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, असा मान मिळालेले ते पहिले परदेशी प्रशिक्षक. तरीही जिल्ह्याच्या पातळीवर संगणकी काळाची सवय लगेच जात नाही. मार आणि मागे हो, हे कानावर पडतंच.

खान्देशात त्यात हवामानाची भर. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास गेला की बॅगवरचं काम सकाळी लवकर उरकावं लागतं. मग पॅडवर, म्हणजे सरांनी हातात धरलेल्या गादीवर, आकडे म्हणत घाईघाईने झोडपणं होतं, आणि पॅड काही उलट मारत नाही. ‘तीन’ झाल्या झाल्या सरांनी पॅड फिरवून पोराच्या डोक्याकडे आणला, तर वाकण्याची आणि बाजूला होण्याची सवय त्याच साखळीत बसते.

कुस्तीतून आलेल्यांची अडचण पायांत असते. दोन्ही पाय जवळपास शेजारी-शेजारी, गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं. त्या पवित्र्यात कंबर पुरती फिरत नाही, त्यामुळे क्रॉस नुसत्या हाताचा उरतो आणि हूक आधीच मेलेला असतो. जवळ गेलं की धरायची ओढही असते, आणि सारखं धरल्यावर पंच ताकीद देतात. पण छातीला छाती लागेल इतक्या अंतरावर हीच पोरं डगमगत नाहीत. बरगडीतला हूक आणि आखूड अपरकट त्यांना लवकर जमतो. त्यांना सुरुवात तिथून द्यावी आणि जॅबने आत कसं शिरायचं ते मागाहून जोडावं. फळ्यावर ‘एक’ हा आकडा आधी लिहिलेला असतो म्हणून शिकवण्याचा क्रमही तोच हवा, असं नाही.