मायेची साखळी : जर्मन सामाजिक शिक्षणशास्त्र आणि सत्तेचा प्रश्न

जर्मन भाषेत ज्याला 'सोत्सियालपेडागोगिक' म्हणतात, त्या सामाजिक शिक्षणशास्त्राच्या कक्षेत पाळणाघरापासून सुधारगृहापर्यंत आणि युवा मंडळांपासून सरकारी बालकल्याण कचेरीपर्यंत बरेच काही येते. जर्मन स्त्री-चळवळीतल्या नेत्या गेरट्रूड बॉयमर यांनी 1929 साली त्याची व्याख्या केली ती अशी, की जे शिक्षण किंवा संगोपन आहे पण घरातले नाही आणि शाळेतलेही नाही, ते सारे या क्षेत्रात मोडते. व्याख्या सरळ आहे. पण घर आणि शाळा यांच्या मधल्या त्या जागेत एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक वावर होता तो रस्त्यावरच्या, गिरणीतल्या आणि झोपडीतल्या मुलांचा, आणि राज्यकर्त्यांना धास्तीही त्यांचीच वाटत होती. म्हणून या शास्त्राचा इतिहास सांगताना करुणा आणि धास्ती वेगवेगळ्या काढता येत नाहीत.

1833 साली योहान हिनरिख विखर्न या पंचवीस वर्षांच्या धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणाने हाम्बुर्गबाहेरच्या हॉर्न गावात गवताने शाकारलेल्या एका जुन्या घरात 'राउहेस हाउस' ही संस्था सुरू केली. त्या काळी अशा मुलांच्या वाट्याला तुरुंग किंवा सक्तमजुरीचे कामगृह येई. विखर्नने त्याऐवजी कुटुंब उभे केले : साधारण बारा मुलांचा एक गट, त्यांच्यासोबत राहणारा एक 'भाऊ' म्हणजे संस्थेचा सेवक, स्वतःचे घर, शेती आणि कसब. नव्या मुलाला तो सांगत असे, की तुझे सगळे माफ झाले आहे, इथे भिंत नाही, खंदक नाही, कडी-कुलूप नाही. आम्ही तुला एकाच जड साखळीने बांधतो आणि तिचे नाव प्रेम. हे शब्द त्याने मनापासून उच्चारले होते याविषयी मला शंका नाही, आणि चाबूक व कोठडीपेक्षा ही रीत कितीतरी माणुसकीची होती. तरीही 'साखळी' हा शब्द त्यानेच निवडला होता, हे विसरता येत नाही. भिंत नसेल तेव्हा मुलावर नजर ठेवण्याचे काम सहवासाला करावे लागते. चोवीस तास सोबत राहणाऱ्या 'भावा'पासून मुलाचे मन लपून राहत नाही. 1848 च्या क्रांतीच्या वर्षी विटेनबर्गच्या चर्च परिषदेत विखर्नने गरिबांमधल्या सेवाकार्याची हाक दिली, ती क्रांती आणि अधर्म यांना उत्तर म्हणूनच. पुढे 1856 पासून राउहेस हाउसमध्ये तयार झालेले 'भाऊ' बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात, कैद्यांना एकांतात ठेवणाऱ्या कोठड्यांवर, पहारेकरी म्हणून रुजू झाले आणि विखर्न स्वतः प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वात बलाढ्य उत्तर जर्मन राज्याच्या, गृहखात्यात तुरुंगांचा सल्लागार झाला.

याच काळात मुलांना मोकळे वाढू देणारे शिक्षण मात्र राज्याला खपत नव्हते. 'सोत्सियालपेडागोगिक' हा शब्द कार्ल मागर यांनी 1844 मध्ये वापरला आणि 1850 मध्ये तो आडोल्फ डीस्टरवेग यांच्या लेखनात येतो. पण त्याआधीच डीस्टरवेग यांना त्यांच्या उदारमतवादी विचारांपायी बर्लिनच्या अध्यापक विद्यालयाच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले होते. 1851 साली प्रशियाने फ्रोबेल यांच्या किंडरगार्टनवर निरीश्वरवादी म्हणून बंदी घातली. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारले, आणि बंदी उठली ती 1860 मध्ये. लहान मुलांचे खेळ आणि गाणीसुद्धा राज्याला धोक्याची वाटली, यावरून या क्षेत्राकडे सत्ता किती बारकाईने पाहत होती ते कळते.

पुढे तत्त्वज्ञ पॉल नाटोर्प यांनी 1899 मध्ये समाजाशिवाय शिक्षण नाही आणि शिक्षणाशिवाय समाज नाही अशी व्यापक मांडणी केली. पण मुलांच्या आयुष्यावर परिणाम झाला तो कायद्यांचा. प्रशियाच्या 1900 च्या कायद्याने मुलाला कोर्टाच्या हुकमाने घरातून काढून संस्थेत ठेवण्याची व्याप्ती वाढवली. त्यानंतर 1922 च्या राष्ट्रीय युवक कल्याण कायद्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक जर्मन मुलाला शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या सक्षम होण्यासाठी संगोपनाचा हक्क दिला गेला. ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच कायद्यात 'फरवारलोजुंग' टाळण्यासाठी किंवा दूर करण्यासाठी सक्तीच्या संगोपनाचीही तरतूद होती. या शब्दात हेळसांड आणि वाया जाणे असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणजे दोष आईबापांचा की मुलाचा हे तो शब्द सांगतच नाही. ते ठरवण्याचा अधिकार कचेरीकडे गेला, आणि मुलींच्या बाबतीत रात्री उशिरा घरी येणे किंवा मित्र असणे एवढेही पुरेसे ठरू लागले.

नाझी राजवटीला त्यामुळे नवी यंत्रणा उभी करावी लागली नाही. ज्यांना 'सुधारणे अशक्य' असे ठरवले गेले त्या तरुणांसाठी 1940 मध्ये मोरिंगेन येथे मुलांची आणि 1942 मध्ये उकरमार्क येथे मुलींची छळछावणी काढली गेली, आणि तिथे कोणाला पाठवायचे याच्या शिफारशींमध्ये कल्याण कचेऱ्यांचाही हात होता.

1945 नंतर राजवट बदलली, पण पुष्कळ ठिकाणी माणसे, इमारती आणि शब्द तेच राहिले. एल्बे नदीकाठच्या ग्ल्यूकश्टाट येथील संस्था आधी सक्तमजुरीचे कामगृह होती, 1933 मध्ये तिथे छळछावणी होती, आणि युद्धानंतर तिथेच किशोरवयीन मुले ठेवली गेली. 1969 मध्ये त्यांनी उठाव केला आणि 1974 अखेर ती बंद झाली. पश्चिम जर्मनीत 1949 ते 1975 या काळात सुमारे सात ते आठ लाख मुले संस्थांमध्ये राहिली असा अंदाज आहे. त्यांतल्या अनेक मुलींनी संस्थेच्या धुलाईघरात दिवसभर चादरी धुतल्या आणि त्यांना इस्त्री केली, आणि म्हातारपणी पेन्शनचा हिशेब मांडताना त्यांना कळले की त्या वर्षांचा एकही हप्ता भरला गेलेला नव्हता. संसदेने नेमलेल्या चर्चामंडळाने 2009 आणि 2010 मध्ये ही कैफियत ऐकली आणि 2012 पासून भरपाईसाठी 12 कोटी युरोंचा निधी उभा राहिला.

क्लाउस मोलनहाउअर यांच्यासारख्या अभ्यासकांनी साठच्या दशकात शिक्षणाचे उद्दिष्ट जुळवून घेणे नसून मुक्त होणे आहे असे म्हटले, 1969 च्या विद्यार्थी चळवळीने संस्थांची दारे ठोठावली, आणि 1990 च्या कायद्याने सक्तीचे संगोपन रद्द करून मदत मागण्याचा हक्क आईबापांना दिला. तातडीच्या धोक्यात मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकार कचेरीकडे आजही आहे आणि मारहाण होणाऱ्या मुलासाठी तो असायलाच हवा. फरक इतकाच, की आता त्या मुलाच्या बाबतीत जो निर्णय होईल त्यात त्याच्या वयाला झेपेल तसे त्याला सामील करून घेणे कचेरीवर बंधनकारक आहे.