मातानी पछेडी

मातानी पछेडी म्हणजे देवीची चित्रे रंगवलेले सुती कापड. ते देऊळ म्हणून वापरले जाते. ही कला अहमदाबादची. तेथील देवीपूजक (वाघरी) समाजातली, चितारा म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या जपत आली आहेत. मुंबईला हा समाज परका नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरणाऱ्या बोहारणींपैकी अनेकजणी याच समाजाच्या. कापडाशी असलेले त्यांचे हे दुसरे नाते मात्र शहरात फार थोड्यांना ठाऊक असते.

देवळात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या समाजाने कापडाचेच देऊळ उभे केले, अशी परंपरा सांगते. आयताकृती पछेड्या भिंतींसारख्या लावायच्या आणि वर चौकोनी चंदरवा छत म्हणून ताणायचा, की गाभारा तयार होतो. नवरात्रात किंवा नवस फेडताना तिथे भुवा, म्हणजे या समाजाचा पुजारी, पूजा करतो. मुंबईत पछेडी बहुधा काचेच्या चौकटीत, एकटीच टांगलेली दिसते. तशी ती देखणी दिसते खरी, पण तिचा अर्थ अर्धाच कळतो. कलादालनांनी चार पछेड्या आणि चंदरवा एकत्र उभारून दाखवायला हवेत.

मधोमध देवी मोठी आणि भोवती चौकटी-चौकटींत कथा, अशी मांडणी असते. देवी ओळखायची ती वाहनावरून: बहुचरा कोंबड्यावर, मेलडी बोकडावर, खोडियार मगरीवर, मोमाई उंटावर, हडकाई कुत्र्यावर. सिकोतर जहाजात असते, कारण ती दर्यावर्दींची रक्षणकर्ती. महिषासुरमर्दिनी मराठी वाचकाला लगेच ओळखू येते. भोवती भक्त, वाजंत्री, झाडे, पक्षी असतात. रिकामी जागा जवळजवळ ठेवत नाहीत.

पारंपरिक पछेडीत रंग तीनच: काळा, लाल आणि कापडाचा मूळ पांढरा. खळ धुऊन काढलेले कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात. (आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी गोळा करतात, तोच हा हिरडा.) काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात काही दिवस आंबवून होतो. तो दाट करायला चिंचोक्याची पूड लागते. या रंगाने बांबूच्या काडीने रेषा काढतात किंवा लाकडी ठसे उठवतात. हिरड्यातील टॅनिनशी लोहाचा संयोग झाला की रेषा पक्की काळी होते. जिथे लाल हवा तिथे चिंचोक्याच्या खळीत कालवलेली तुरटी भरतात. तुरटीला स्वतःचा रंग नसतो. नंतर कापड वाहत्या पाण्यात धुतात, म्हणजे जादा तुरटी इतर भागावर न बसता वाहून जाते. साबरमतीचे पात्र पूर्वी यासाठीच वापरात होते. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात धायटीची फुले आणि अलिझरीन हे लाल रंगद्रव्य घालून कापड उकळतात. तुरटी लागलेली तेवढीच जागा तेव्हा लाल होते. बाकीचे कापड पुन्हा धुऊन उन्हात वाळवले की उजळते.

सगळे रंग वनस्पतीजन्य असतात, हे म्हणणे पुरते खरे नाही. काळ्यात लोखंड आहे, लाल तुरटीवाचून बसत नाही आणि मंजिष्ठेच्या मुळांत असणारे अलिझरीन १८६९ पासून कारखान्यातही तयार होऊ लागले. आजच्या कामात बहुधा तेच वापरतात. निळा, हिरवा, पिवळा हे रंग अलीकडच्या, शहरी ग्राहकांसाठीच्या कामांत दिसतात.

या कामाला वाहते स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागते. मिठी नदीच्या आजच्या अवस्थेत ते मुंबईत होणे कठीण. म्हणून इथे येतात त्या तयार पछेड्या, हस्तकला प्रदर्शनांतून आणि कलादालनांतून. घेणाऱ्याने कापड उलटून पाहावे. खऱ्या पछेडीत लाल रंग धाग्यात मुरलेला असल्याने मागच्या बाजूलाही उमटतो, तर स्क्रीन छपाईचा रंग बहुधा वरच्या बाजूलाच राहतो. हाताने ओढलेली काळी रेषा कुठे जाड, कुठे बारीक होते, ठशाची आकृती मात्र तशीच पुन्हा येते. ठसे हे काही कमअस्सलपणाचे लक्षण नव्हे. परंपरेत दोन्ही पद्धती आहेत, हाताच्या कामाला फक्त वेळ अधिक लागतो. या कलेसाठी भानुभाई चितारा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.